नऊ पायऱ्यांची संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी पूर्णसंख्या डावीकडून वाचली काय किंवा उजवीकडून वाचली काय, एकच राहते. तिचे अंक एकापासून नऊपर्यंत एकेक पायरी चढतात, मधोमध नऊवर एकदाच थांबतात आणि आले त्याच क्रमाने पुन्हा एकापर्यंत उतरतात. अंकांची अशी रचना कोणालाही हाताने लिहून काढता येईल, आणि या संख्येची एवढीच ओळख असती तर तिच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिण्याचे कारण पडले नसते. परंतु हा चढउतार कोणी ठरवून मांडलेला नाही. नऊ वेळा एक लिहून तयार होणाऱ्या १११११११११ या संख्येला तिनेच गुणले की तो आपोआप उमटतो. या संख्येच्या अंगी असलेले गुण, त्या गुणांमागील कारणे आणि महाराष्ट्रातील ज्या शाळाशिक्षकाने अशा संख्यांना नाव देऊन त्यांचा शास्त्र म्हणून विचार केला त्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचे कार्य, या तिन्ही गोष्टींचा परामर्श पुढे घेतला आहे.

वाचन आणि आकारमान

इतकी मोठी संख्या वाचायची कशी, हा पहिला प्रश्न होय. आजच्या व्यवहारातील नावे कोटी आणि अब्ज यांच्या आसपास संपतात, त्यामुळे ही संख्या ‘एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस’ अशी वाचावी लागते आणि त्या वाचनात ‘कोटी’ हा शब्द दोनदा येतो. भास्कराचार्यांच्या वाचकाला ही अडचण नव्हती. इ.स. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’ या ग्रंथात दहापटीने वाढत जाणाऱ्या अठरा स्थानांची स्वतंत्र नावे दिलेली आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. प्रस्तुत संख्या यांपैकी सतरा स्थाने व्यापते आणि परार्धाचे एकच स्थान मोकळे ठेवते. तिच्यात एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व आणि आठ अब्ज अशी चढण आहे, अर्बुदाच्या स्थानी नऊ हा माथा आहे, आणि तेथून आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश व एक अशी उतरण आहे.

आकारमानाची कल्पना येण्यासाठी भीमेच्या खोऱ्यातील एक परिचित माप उपयोगी पडते. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील पळसदेव हे गाव उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी आहे. जुने गाव जलाशयात गेले, नवे गाव पुणे–सोलापूर महामार्गालगत वसले आणि पळसनाथाचे प्राचीन देऊळ पाण्यातच राहिले, जे उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडे पडते. पूर्ण भरलेल्या उजनीत सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते, आणि एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर, या हिशेबाने धरणातील सारे पाणी सुमारे ३ लाख ३१ हजार कोटी लिटर भरते. १२३४५६७८९८७६५४३२१ लिटर पाणी साठवायचे ठरवले, तर अशी सुमारे ३,७०० धरणे काठोकाठ भरावी लागतील. काळाच्या मापाने पाहिले तर तितके सेकंद उलटण्यास सुमारे ३९ कोटी वर्षे लागतात; दख्खनच्या पठाराचा काळा कातळ ज्या लाव्हारसापासून बनला, तो रस पसरून थिजल्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली, म्हणजे हा काळ त्या कातळाच्या वयाच्या जवळजवळ सहापट आहे.

गुणाकारातील पायऱ्या

केवळ एक या अंकाच्या पुनरावृत्तीने बनलेल्या १, ११, १११, ११११ अशा संख्यांना गणितात ‘रेप्युनिट’ म्हणतात. या प्रकरणात त्यांना ‘एकमाला’ म्हटले आहे आणि जितके एक तितक्या अंकांची ती एकमाला, असा संकेत पाळला आहे. पहिल्या काही एकमालांचे वर्ग, म्हणजे त्यांना त्यांनीच गुणून येणारे गुणाकार, पुढीलप्रमाणे आहेत.

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१
१११११ × १११११ = १२३४५४३२१

या आकृतिबंधाचे कारण शाळेत शिकवल्या जाणाऱ्या उभ्या गुणाकारातच आहे. गुणकाच्या प्रत्येक अंकासाठी एक ओळ लिहिली जाते आणि प्रत्येक नवी ओळ एक घर डावीकडे सरकते; येथे गुणकाचा प्रत्येक अंक एक असल्याने प्रत्येक ओळीत मूळची एकमालाच जशीच्या तशी उतरते. नऊ अंकी एकमालेच्या बाबतीत नऊ एकसारख्या ओळी एकाखाली एक पायरीपायरीने सरकत जातात, आणि मग उभ्या स्तंभांची बेरीज करायची, म्हणजे प्रत्येक स्तंभात किती एक आले आहेत हे केवळ मोजायचे. अगदी उजवीकडच्या स्तंभात एकच एक असतो, त्याच्या शेजारी दोन, त्यानंतर तीन, असे करत मधल्या स्तंभात नऊही ओळींचे नऊ एक येतात, आणि तेथून डावीकडे जाताना एकेक ओळ संपत गेल्यामुळे ही संख्या पुन्हा एकेकाने कमी होते. सर्वांत उंच स्तंभाची बेरीज नऊ आहे आणि नऊ हा एकाच घरात मावणारा सर्वांत मोठा अंक आहे, म्हणून कोठेही हातचा घ्यावा लागत नाही आणि प्रत्येक स्तंभाची उंची उत्तरात आहे तशी दिसते. दशमान पद्धतीत हातच्याशिवाय पार पडणारा एकमालेचा हा शेवटचा वर्ग आहे, आणि या संख्येच्या पुढील सर्व गुणांची किल्ली या एका वाक्यात आहे.

डेम्लो हे नाव

या संख्यांना ‘डेम्लो संख्या’ हे नाव देणारे कापरेकर १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे जन्मले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ साली त्यांना स्वतंत्र गणिती लेखनासाठीचे रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले, १९२९ साली ते पदवीधर झाले आणि पुढे नाशिकजवळच्या देवळाली येथे १९६२ पर्यंत त्यांनी शाळेत अध्यापन केले. पदव्युत्तर शिक्षण किंवा विद्यापीठातील पद यांपैकी काहीही जवळ नसताना त्यांनी संख्यांच्या अंकांविषयी आयुष्यभर संशोधन केले, छोट्या पुस्तिका काढल्या आणि गणित परिषदांमध्ये निबंध वाचले. त्यांच्या काळातील अनेक व्यावसायिक गणितज्ञांनी हे काम करमणुकीच्या सदरात टाकले. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाच्या आपल्या सदरात मार्टिन गार्डनर यांनी त्याची दखल घेतली, तेव्हा कापरेकर जगभर परिचित झाले. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

‘डेम्लो’ हे नाव मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरील, तेव्हाच्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेवरील स्थानकाचे, म्हणजे आजच्या डोंबिवलीचे. या संख्यांची कल्पना कापरेकरांना तेथे सुचली, म्हणून त्यांनी ते संख्यांना दिले. १, १२१, १२३२१ या मालिकेला त्यांनी ‘अद्भुत डेम्लो संख्या’ असे विशेषण लावले. १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांचा या विषयावरील लेख आला आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात के. आर. गुंजीकर यांच्यासह लिहिलेला डेम्लो संख्यांच्या उपपत्तीवरील निबंध प्रसिद्ध झाला. उपपत्ती म्हणजे केवळ उदाहरणांची यादी नव्हे, तर ती उदाहरणे तशीच का येतात याची सिद्धता, आणि कापरेकरांच्या कामाचे मोल ठरवताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

दोन भागांची बेरीज

डेम्लो संख्येची कापरेकरांनी केलेली मूळ व्याख्या अंकांच्या चढउतारावर आधारलेली नाही. संख्येचा डावा आणि उजवा भाग यांची बेरीज केली असता एकाच अंकाची पुनरावृत्ती मिळावी, आणि त्या दोन भागांच्या मध्ये काही अंक असतील तर तेही त्याच अंकाचे असावेत, अशी ती व्याख्या आहे. उदाहरणार्थ, १६५ मध्ये एक आणि पाच यांची बेरीज सहा होते आणि मध्येही सहाच आहे. २५५३ मध्ये दोन आणि तीन मिळून पाच होतात आणि मध्ये दोन पाच आहेत. अद्भुत डेम्लो संख्यांमध्ये मधला भाग नसतो, परंतु दोन भागांची बेरीज अत्यंत नियमित येते.

१ + २१ = २२
१२ + ३२१ = ३३३
१२३ + ४३२१ = ४४४४
१२३४ + ५४३२१ = ५५५५५

याच क्रमाने प्रस्तुत संख्येचे डावीकडील आठ अंक आणि उजवीकडील नऊ अंक वेगळे केले, तर १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९९ येते, म्हणजे नऊ हा अंक नऊ वेळा. याचे कारण समजण्यासाठी ९९९९९९९९९ या संख्येने भागण्याचा एक सोपा नियम पुरेसा आहे. एक अब्ज या संख्येला ९९९९९९९९९ ने भागले तर बाकी एक उरते. म्हणून कोणत्याही मोठ्या संख्येतील अब्जांचा भाग आणि उरलेला नऊ अंकी भाग यांची बेरीज केली, तर त्या बेरजेला ९९९९९९९९९ ने भागून येणारी बाकी आणि मूळ संख्येची बाकी एकच असते. नऊने भाग जातो की नाही हे पाहण्यासाठी अंकांची बेरीज करतात, तेच तत्त्व येथे नऊ-नऊ अंकांच्या गटांना लागू होते. प्रस्तुत संख्या ही १११११११११ चा वर्ग आहे, आणि १११११११११ च्या अंकांची बेरीज नऊ असल्यामुळे तिला नऊने निःशेष भाग जातो; परिणामी तिच्या वर्गाला नऊ गुणिले १११११११११, म्हणजेच ९९९९९९९९९ ने निःशेष भाग जातो. दोन भागांची बेरीज म्हणून त्या संख्येच्या पटीतच यावी लागते, आणि दोन्ही भागांचा आकार पाहता ती पट एकच असू शकते.

हरवलेला आठ

प्रस्तुत संख्येला ९९९९९९९९९ ने भागले असता भागाकार १२३४५६७९ येतो. या आठ अंकी संख्येत एकापासून नऊपर्यंतचे अंक क्रमाने येतात, परंतु आठ हा अंक मध्येच गळालेला असतो. तिला नऊने गुणले की १११११११११ ही एकमाला मिळते, अठराने गुणले की २२२२२२२२२, सत्तावीसने गुणले की ३३३३३३३३३, आणि याच क्रमाने एक्याऐंशीने गुणले की ९९९९९९९९९ मिळते. आठ नेमका कोठे गेला, हा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उपस्थित होतो आणि त्याचे उत्तरही हातच्यात आहे.

एक भागिले नऊ ही किंमत दशांशात लिहिली तर ०.१११११… अशी न संपणारी एकमाला मिळते. तिचा वर्ग म्हणजे एक भागिले एक्याऐंशी. पूर्वीप्रमाणेच स्तंभांची उंची मोजत गेले तर दशांश चिन्हापुढील घरांत शून्य, एक, दोन, तीन असे आकडे येऊ लागतात, परंतु येथे माला संपत नसल्याने नऊनंतर उतरण लागत नाही आणि दहाचा स्तंभ येतो. दहा एका घरात मावत नाही. त्याचा हातचा डावीकडच्या नऊला मिळून तेथेही दहा होतात, त्यांचा हातचा आठला मिळून त्याचा नऊ होतो, आणि मूळच्या नऊच्या जागी शून्य उरते. म्हणून १/८१ ची दशांश किंमत ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… अशी चालत राहते आणि नऊ-नऊ घरांनी तेच आवर्तन पुन्हा येते. थोडक्यात, आठ नाहीसा झालेला नाही, तर हातचा मिळाल्याने तो नऊ झालेला आहे.

आता प्रस्तुत संख्येकडे परतले तर आठ पुन्हा का दिसतो तेही कळते. ९९९९९९९९९ म्हणजे एक अब्ज वजा एक. म्हणून १२३४५६७९ ला त्याने गुणायचे म्हणजे १२३४५६७९ पुढे नऊ शून्ये द्यायची आणि मिळालेल्या संख्येतून १२३४५६७९ वजा करायचे. या वजाबाकीत डावीकडच्या भागातून एक उसना घ्यावा लागतो, त्यामुळे १२३४५६७९ चे १२३४५६७८ होतात, आणि उजवीकडे एक अब्जातून १२३४५६७९ गेल्यावर ९८७६५४३२१ उरतात. भागाकारात गेलेला आठ गुणाकारातील उसन्याने परत येतो आणि चढण व उतरण दोन्ही पूर्ण होतात.

अवयव आणि अंकांची बेरीज

संख्येची खरी घडण तिच्या मूळ अवयवांतून कळते. मूळ संख्या म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने निःशेष भाग न जाणारी संख्या. १११११११११ चे मूळ अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७ असे आहेत, आणि प्रस्तुत संख्या तिचा वर्ग असल्याने तिच्यात तीन हा अवयव चार वेळा आणि ३७ व ३३३६६७ हे प्रत्येकी दोन वेळा येतात. या घडणीवरून तिचे विभाजक मोजता येतात: तीनचा घात शून्यापासून चारपर्यंत पाच प्रकारे, आणि उरलेल्या दोन अवयवांचे घात प्रत्येकी तीन प्रकारे निवडता येतात, म्हणून एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५ होतात. यांपैकी ३३३६६७ या मूळ संख्येचे वैशिष्ट्य असे की एकाला तिने भागले असता ०.०००००२९९७०००००२९९७… असे नऊ अंकांचे आवर्तन मिळते, आणि ज्यांचे आवर्तन नेमके नऊ अंकांचे आहे अशा मूळ संख्यांमध्ये ती एकटीच आहे.

कापरेकरांनी ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो तिला ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. प्रस्तुत संख्येच्या अंकांची बेरीज एक्याऐंशी, म्हणजे नऊचा वर्ग आहे, आणि तीन हा अवयव तिच्यात चार वेळा असल्यामुळे एक्याऐंशीने तिला पूर्ण भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. हर्षदपणा या संख्येच्या सगळ्या कुटुंबात दिसतो: १११११११११ च्या अंकांची बेरीज नऊ आहे आणि तिला नऊने भाग जातो, तर १२३४५६७९ च्या अंकांची बेरीज ३७ आहे आणि ३७ × ३३३६६७ = १२३४५६७९ असल्याने तीही हर्षद ठरते. शिवाय प्रस्तुत संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने गुणले, तर ९९९९९९९९९ चा वर्ग, म्हणजे ९९९९९९९९८००००००००१ मिळतो.

कापरेकरांचा आणखी एक प्रश्न या संख्येला लावून पाहण्यासारखा आहे. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या तयार होते. उदाहरणार्थ, २१ मध्ये दोन आणि एक मिळवले की २४ होतात, म्हणून २१ ही २४ ची जनक होय. ज्या संख्येला असा एकही जनक नाही, तिला कापरेकरांनी ‘स्वयंभू’ म्हटले आणि आपल्या कर्मभूमीवरून अशा संख्यांना देवळाली संख्या हेही नाव दिले. प्रस्तुत संख्या स्वयंभू आहे काय, हे ठरवण्यासाठी संगणकाची गरज नाही. जनक असल्यास त्याच्या अंकांची बेरीज नऊच्या पटीत असली पाहिजे, कारण प्रस्तुत संख्येला नऊने भाग जातो. आणि सतरा अंकांची बेरीज जास्तीत जास्त १५३ होऊ शकत असल्याने ९, १८, २७ पासून १५३ पर्यंतचे सतराच पर्याय तपासावे लागतात. प्रत्येक पर्याय संख्येतून वजा करून उरलेल्या संख्येच्या अंकांची बेरीज घेतली, तर ती दर वेळी ८१ किंवा ९० येते, आणि वजा केलेल्या आकड्याशी ती एकाच ठिकाणी जुळते: ८१ वजा केल्यावर १२३४५६७८९८७६५४२४० ही संख्या उरते आणि तिच्याही अंकांची बेरीज ८१ च आहे. म्हणून प्रस्तुत संख्या स्वयंभू नाही, तिला एक आणि एकच जनक आहे, आणि त्या जनकाच्या अंकांची बेरीज तिच्याइतकीच आहे.

महावीराचार्यांचा हार

अशा संख्यांचे आकर्षण विसाव्या शतकातच निर्माण झाले असे नाही. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष याच्या काळात, म्हणजे इ.स. ८५० च्या सुमारास, जेव्हा आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग त्या साम्राज्यात होता, तेव्हा जैन गणिती महावीराचार्य यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. त्यात १२३४५६५४३२१ या संख्येचे, एकापासून सहापर्यंत चढणारी आणि क्रमाने घटणारी, असे वर्णन येते, आणि ज्यांच्या गुणाकारातून गळ्यातील हारासारखी दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी संख्या मिळते, अशा संख्यांचे गुणाकार वाचकाला करावयास सांगितलेले आहेत. २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१ हा त्यांपैकी एक. यातील ४४१ हा २१ चा आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग आहे, आणि २१ × ५२९१ म्हणजे ११११११. अर्थात हा हार सहा अंकी एकमालेचाच वर्ग आहे. महावीराचार्यांच्या सहा पायऱ्या आणि प्रस्तुत संख्येच्या नऊ पायऱ्या एकाच घाटाच्या आहेत, आणि हा घाट ज्या स्थानमूल्य पद्धतीत बांधता येतो, ती पद्धत या भूमीवर तेव्हाच रुळलेली होती.

दहावी पायरी

नऊनंतर पुढे काय, या प्रश्नाशी या विषयाचा सर्वांत समृद्ध भाग सुरू होतो. दहा अंकी एकमालेचा वर्ग करताना मधल्या स्तंभात दहा एक येतात; त्यांचा हातचा शेजारच्या नऊला, आणि त्याचा हातचा आठला मिळून उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. डावीकडील आठ गळाला, माथ्यावर दोन शून्ये आली, आणि दोन्हीकडून सारखे वाचता येण्याचा गुणही गेला. एवढ्यावर थांबले तर दहावी पायरी म्हणजे केवळ मोडतोड वाटते. परंतु कापरेकरांची दोन भागांची बेरीज येथेही करून पाहिली, तर १२३४५६७९० आणि ०९८७६५४३२१ यांची बेरीज ११११११११११ येते, म्हणजे ज्या संख्येचा वर्ग केला तीच संख्या परत मिळते.

हा गुण ज्या संख्यांत असतो, त्या आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणून ओळखल्या जातात. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० व २५ यांची बेरीज ४५. २९७ चा वर्ग ८८२०९ आणि ८८ व २०९ यांची बेरीज २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९ आणि ४९४ व २०९ यांची बेरीज ७०३. याच रांगेत ११११११११११ ही संख्याही बसते. कारण पुन्हा तेच आहे: दोन भागांची बेरीज किती येणार, हे एकमालेला नऊने भागून काय उरते यावर ठरते. दोन अंकी एकमालेची बाकी दोन, म्हणून बेरजेत दोनच दोन. तीन अंकी मालेची बाकी तीन, म्हणून तीनच तीन. नऊ अंकी मालेला नऊने पूर्ण भाग जातो, म्हणून नऊच नऊ. आणि दहा अंकी मालेची बाकी पुन्हा एक, म्हणून एकच एक, म्हणजे ती एकमालाच. याच न्यायाने एकोणीस, अठ्ठावीस आणि पुढे दर नऊ पायऱ्यांनी येणारी प्रत्येक एकमाला कापरेकर संख्या असते. अंकांचा दृश्य डोंगर नवव्या पायरीवर संपतो, परंतु त्याखालचा नियम अखंड चालू राहतो आणि डोंगर जेथे कोसळतो तेथेच त्याचे दुसरे रूप प्रकट होते.

संख्या आणि तिचे लेखन

वर सांगितलेले सगळे गुण एका जातीचे नाहीत, आणि त्यांतील भेद ओळखणे हा या प्रकरणाचा मुख्य हेतू आहे. प्रस्तुत संख्या पूर्ण वर्ग आहे, तिचे मूळ अवयव तीन, ३७ व ३३३६६७ आहेत आणि तिला ४५ विभाजक आहेत, हे गुण संख्येचे स्वतःचे होत. ती कोणत्याही लिपीत आणि कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी ते बदलत नाहीत. अंकांचा चढउतार, हर्षदपणा आणि दोन भागांची बेरीज हे गुण मात्र दहाच्या पटीने मोजण्याच्या पद्धतीशी बांधलेले आहेत. दहाऐवजी आठच्या पटीने मोजणाऱ्या पद्धतीत सात अंकी एकमालेचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असा दिसतो आणि त्या पद्धतीतील तो शेवटचा अखंड डोंगर असतो. परंतु तीच संख्या दशमान पद्धतीत ८९७५५९६५६४९ अशी लिहिली जाते आणि तिच्यात चढणही दिसत नाही, उतरणही दिसत नाही. उजनीचे पाणी चढले की पळसनाथाचे देऊळ दडते आणि उतरले की दिसते, तरी देऊळ तेच असते; लेखनपद्धती बदलली की संख्येची घडण अशीच दृष्टीआड किंवा दृष्टीसमोर येते.

इंग्रज गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात अंकांच्या अशा चमत्कृतींना गंभीर गणितात स्थान नाकारले. ८७१२ ही २१७८ ची चौपट आहे आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट आहे, म्हणजे दोन्ही संख्या आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत आहेत, ही त्यांनी दिलेली उदाहरणे होती, आणि सुटी उदाहरणे म्हणून पाहिली तर हार्डी यांचा आक्षेप योग्यच होता. मात्र त्याच्या आदल्याच वर्षी गुंजीकर आणि कापरेकर यांनी डेम्लो संख्यांची उपपत्ती मांडली होती, आणि चमत्कृतीचे रूपांतर ज्ञानात कसे होते हे तीमधून दिसते. १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९९ आहे, हे एकदा करून पाहणे ही चमत्कृती. ती बेरीज तशीच का आली पाहिजे हे सांगता येणे, आणि त्याच कारणावरून दहा अंकी एकमाला कापरेकर संख्या असणार हे वर्ग न करताही ओळखता येणे, हे गणित. कारण सापडले की उदाहरण एकटे राहत नाही, आणि सतरा अंकी संख्येसाठी शोधलेला नियम न पाहिलेल्या संख्यांनाही लागू होतो.

या संपूर्ण विवेचनासाठी हातचा, उसना, नऊने भाग जाण्याची कसोटी आणि उभा गुणाकार यांपलीकडची कोणतीही सामग्री लागलेली नाही, आणि ही सामग्री पळसदेवच्या शाळेतील विद्यार्थ्याजवळ असते तितकीच देवळालीच्या शिक्षकाजवळ होती. एकोणीस वेळा एक लिहून त्या संख्येचा वर्ग कागदावर मांडावा, उजवीकडचे एकोणीस अंक वेगळे करून ते उरलेल्या अंकांत मिळवावे, आणि बेरीज पूर्ण होण्याआधीच ती काय येणार हे कारणासह सांगावे. ज्या वाचकाला हे साधेल, तो कापरेकरांच्या वाटेने एक पाऊल स्वतः चाललेला असेल.